समोरच्याची वाक्ये मोठी

“बंडू, पुस्तकावर पाणी नको,” मी म्हणाले, पण तोवर बंडू सुताराने झेंडूचं फूल नारळाच्या पाण्यात बुडवून सगळ्या सामानावर शिंपडूनही टाकलं होतं.

सांगलीच्या नाट्यगृहात, पडद्यामागे, आमच्या नाटकाची पूजा चालली होती. समोर नटराजाची मूर्ती आणि तिच्या पायाशी प्रयोगात लागणारी एकूण एक वस्तू: कंदील, कपबशा, काठी, आरामखुर्चीवरची उशी आणि एक जाडजूड पुस्तक. आमच्या इचलकरंजीच्या मंडळाची रीतच तशी होती. रंगमंचावर जी वस्तू जाणार तिला आधी हळदकुंकू लागलं पाहिजे. एका वर्षी पूजेतून छत्री राहिली आणि ती ऐन प्रयोगात उघडली नाही, ही गोष्ट बंडू दर वर्षी सांगायचा आणि दर वर्षी ती छत्री थोडी मोठी व्हायची.

मी ओढणीने पुस्तक पुसून घेतलं. शेजारी आप्पा चौगुले धोतराचा सोगा सावरत हसत होते.

“एवढं काय घाबरतीस? देवाचं पाणी हाय.”

“देवाचं असलं तरी पाणीच आहे, आप्पा.”

माझ्या घाबरण्याला कारण होतं. ते पुस्तक पोटातून कोरलेलं होतं आणि त्या पोकळीत माझा टॅब बसवलेला होता. ही गोष्ट आम्हा तिघांनाच ठाऊक होती: मला, आप्पांना आणि पुस्तक कोरणाऱ्या बंडूला. आमचा दिग्दर्शक सदा हुपरीकर याला सांगितलं नव्हतं, कारण सदाला काही सांगितलं की त्यावर आधी चर्चा व्हायची आणि मग चहा, आणि नंतर पुन्हा चर्चा.

आप्पा म्हणजे आमच्या मंडळाचे सगळ्यात जुने नट. वीज मंडळातून निवृत्त झालेले. आवाज असा की शेवटच्या रांगेतला डुलकी घेणारा माणूसही सरळ बसायचा. पण आदल्या वर्षी याच स्पर्धेत त्यांच्याकडून घात झाला होता. त्या प्रयोगाला मी नव्हते, चुलतभावाच्या लग्नाला गेले होते. पण जे ऐकलं ते असं. दुसऱ्या अंकात मध्येच सगळं थांबलं आणि मग आप्पा मधली दोन पानं गाळून एकदम पुढचंच वाक्य बोलले. नाटकाचा कणाच त्या दोन पानांत होता, त्यामुळे पुढचं कुणाला काही कळेना. परीक्षकांनी निकालाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, ज्येष्ठ नटाने पाठांतराकडे लक्ष द्यावं. प्रयोग संपवून आत आल्या आल्या आप्पांनी स्वतःच कबूल केलं होतं, “माझं चुकलं. डोकं आता साथ देत न्हाई.”

या वर्षी तेच नाटक पुन्हा करायचं ठरलं, तेव्हा मंडळाच्या बैठकीत सदाने हात जोडून सांगितलं होतं, “आप्पा, भूमिका तुम्हालाच देतो. पण पुन्हा तसं झालं, तर पुढच्या वर्षापासून तुम्ही प्रेक्षकांत बसा.”

आप्पा “बरं” एवढंच म्हणाले. स्टेजविना आप्पा म्हणजे काय, हे आमच्यापैकी कुणाला सुचतच नव्हतं.

त्या बैठकीनंतर चार-आठ दिवसांनी ते माझ्या घरी आले. मी संगणकावर काम करत बसले होते.

“वृंदा, ते तुझं मोरपीस काय ते, त्यात नाटक घालता येतंय काय?”

मोरपीस हे मी सुरू केलेलं काम. ब्राउझरमध्ये पुस्तक वाचायची सोय. वेगळं काही उतरवून घ्यायचं नाही, नाव-नंबर द्यायचा नाही. फाइल दिली की पुस्तक उघडतं आणि मिटलं होतं त्याच पानावर उघडतं. लहानपणी पुस्तकात खूण म्हणून मोरपीस ठेवायचो, त्यावरून नाव दिलं. मी ते करायला घेतलं तेव्हा मराठी अक्षर जरा मोठं केलं की ओळी एकमेकींच्या अंगावर चढायच्या आणि वेलांट्या कापल्या जायच्या. ते मला सोसेना. कोड सगळ्यांसाठी उघडा ठेवला होता. ज्याला जे खटकेल ते त्याने दुरुस्त करावं आणि पाठवून द्यावं. हळूहळू कुठले कुठले लोक हातभार लावू लागले. केरळातल्या एका शाळेतले थॉमस सर त्यांपैकी सगळ्यात चिवट. वर्गातल्या सगळ्या मुलांसमोर एकच पान राहावं म्हणून त्यांनी अशी सोय करून पाठवली होती की एका यंत्रावर पान उलटलं की जोडलेल्या दुसऱ्या यंत्रावरही उलटावं.

आप्पांच्या घरी मोरपीस होतंच. त्यांची बायको, आमच्या काकू, अधू झालेल्या डोळ्यांनी त्यावर कादंबऱ्या वाचायच्या, अक्षर एवढं मोठं करून की पडद्यावर जेमतेम तीन ओळी मावायच्या.

“येतंय की,” मी म्हणाले. “पण कशासाठी?”

“नाटकात मी सारखा पुस्तक वाचत बसलेला असतोय न्हवं? त्या पुस्तकात तुझं यंत्र ठेवायचं. तू विंगेतनं पान उलटायचं. तुझा आवाज न्हाई, कुणाला पत्ता न्हाई.”

मला कल्पना एकदम आवडली. आमच्या स्पर्धेत प्रॉम्प्टर चालतो, पण त्याचा आवाज पहिल्या रांगेत पोचला की गुण कापले जातात. बिनआवाजाचा प्रॉम्प्टर म्हणजे सोन्याहून पिवळं.

“तुमची वाक्यं ठळक करते,” मी म्हणाले. “लांबून दिसतील अशी.”

“माझी नको. माझी बारीक असू देत. कालिंदीची मोठी कर.”

कालिंदी म्हणजे त्यांची सून. नाटकात ती त्यांची मुलगी व्हायची. तालमीत कधी एक शब्द इकडचा तिकडे होत नसे तिचा.

“उलटं होतंय आप्पा. विसरता तुम्ही आणि वाक्यं तिची मोठी?”

“समोरच्याचं काय ते कळलं की आपलं आपोआप येतंय गं. तू कधी स्टेजवर उभारलीयस काय?”

नव्हते उभी राहिले. मग कालिंदीचीच मोठी करायचं कबूल केलं.

दोन रविवार घालवून मी नाटकाची संहिता घातली. प्रत्येक वाक्य कुणाचं हे फाइलमध्ये नोंदवलं आणि मोरपिसात एक नवी सोय केली: पात्र निवडायचं की त्याची वाक्यं मोठी दिसतील. सगळ्यांच्या उपयोगाची होईल म्हणून तीही उघड्या कोडात टाकायची ठरवली. आमच्यात कुणीही काही नवं घातलं की दुसऱ्याने तपासायचं असतं. थॉमस सरांनी तपासलं आणि विचारलं, हे कुणाला लागणार आहे?

मी लिहिलं, आमच्याकडच्या एका नटाला. त्यांना हल्ली विसरायला होतं. समोरच्याची वाक्यं मोठी हवीत असं म्हणतात.

त्यांचं उत्तर आलं, मग त्यांची स्वतःची मोठी हवीत, नाही का?

मलाही तसंच वाटतं, मी लिहिलं, पण ते ऐकत नाहीत.

त्यावर त्यांनी कोड पास केला आणि खाली एवढंच लिहिलं: वाचणाऱ्याला जास्त कळतं.

तर असा तो टॅब बंडूने कोरलेल्या पुस्तकात बसला होता, आणि मी विंगेत स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. लॅपटॉपचा पडदा काळा, अक्षरं मंद. उजेड बाहेर फुटणार नाही अशी बेताची. लॅपटॉप आणि टॅब एकमेकांना जोडलेले. मी पान उलटलं की आप्पांच्या हातातलं पान उलटत होतं. तिसरी घंटा झाली.

पडद्याच्या फटीतून पाहिलं तर पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध, काकू बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. काकू दर प्रयोगाला याच जागी बसायच्या. नाटकाला त्यांचा विरोध नव्हता, पण त्यांचं एक वाक्य सगळ्या मंडळाला पाठ होतं: “करा काय करायचं ते, पण चारचौघांत हसं करून घेऊ नका.” आदल्या वर्षी आप्पांनी हसं करून घेतलंच होतं. घरी त्यांना काय ऐकावं लागलं असेल, देव जाणे.

पहिला अंक लोण्यासारखा गेला. आप्पा पुस्तकाकडे पाहतही नव्हते. मला वाटलं, नुसतं हाताशी आहे म्हणून धीर आला असेल. मध्यंतरात मी त्यांना अंगठा दाखवला. ते म्हणाले, “खरं पुढच्या अंकातच हाय. जागी राहा.”

दुसऱ्या अंकात तो प्रसंग आला. बाप आरामखुर्चीत वाचत बसलाय. मुलगी येते, दूरच्या गावी नोकरी धरली हे त्याला सांगते. बाप पुस्तकातून मान वर न काढता तिला उडवून लावतो आणि मग मुलीचं ते मोठं भाषण. आदल्या वर्षी गळलेली दोन पानं ती हीच.

कालिंदी पुढे आली. प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहिली.

आणि त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपवरचं पान आपोआप उलटलं.

मी मागे आणलं. ते पुन्हा पुढे गेलं. एक, मग दुसरं, मग भराभर. तिसऱ्या अंकाचा शेवट येऊन गेला आणि पात्रपरिचयसुद्धा दिसला. मी मागे ओढतेय आणि ते पुढे पळतंय. मी कळांवर बोटं आपटत होते.

“बंडू,” मी दातांवर दात ठेवून विचारलं, “पुस्तकात काय केलंस?”

बंडू माझ्या मागेच उभा होता. “काय न्हाई. पूजा केली.”

“वरून केलीस ना?”

“वरनं झाली, मग मध्यंतरात आतनं पण. यंत्र आत हाय. आत हळदकुंकू लावलं आन् फूल ठिवलं. नारळाच्या पाण्यातलं.” माझा चेहरा बघून त्याचा आवाज बारीक झाला. “दसऱ्याला मोटारीला करत न्हाई व्हय आपण?”

ओलं फूल काचेवर. पाण्याचा प्रत्येक थेंब त्या टॅबला बोट वाटत होता, आणि प्रत्येक बोटागणिक एक पान.

रंगमंचावर शांतता होती. ती किती वेळ होती ते सांगता येणार नाही. मला ती सगळ्या आयुष्याएवढी वाटली. कालिंदी उभी, आप्पा बसलेले. आप्पांनी पुस्तकात पाहिलं. मला इथूनही दिसलं की त्यांच्या समोर भलतंच पान आहे. झालं, मी मनात म्हणाले. पुन्हा तेच. समोरच्या विंगेत सदाने डोक्याला हात लावला होता.

मग आप्पांनी सावकाश दोन बोटांनी पुस्तकातून झेंडूचं फूल उचललं. सगळ्या प्रेक्षागृहाला दिसेल असं वर धरलं.

“तुझ्या आईची सवय,” ते म्हणाले. “पुस्तकात फुलं ठेवायची. तीही ओली. वाचणाऱ्याने काय वाचायचं?”

लोक हसले. आप्पांनी खांद्यावरचं उपरणं ओढून पान पुसायला घेतलं. अगदी निवांत, कोपरे धरून, जसं काही नाटकात तसंच लिहिलं होतं. त्यांचा हात फिरला आणि माझ्या लॅपटॉपवरची पळापळ थांबली. मी धडपडत मागे आले आणि ते पान सापडल्यावर बटणावरून बोट काढून घेतलं.

आप्पांनी पानाकडे नजर टाकली आणि बोलायला लागले. पण ते त्यांचं वाक्य नव्हतं.

“तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे,” ते म्हणाले. “‘बाबा, मी घर सोडून चालले नाही. घर जिथवर पुरत नाही, तिथवर चालले आहे.’ हेच ना?”

ते कालिंदीचं वाक्य होतं. माझ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं ते. नुसतं विसरणं परवडलं. आता माणूस स्वतःचं आणि दुसऱ्याचंही ओळखेना झाला, असं मला वाटलं.

कालिंदीने खोल श्वास घेतला.

“हेच,” ती म्हणाली. “आणि तुम्हाला जर ते इतकं ठाऊक आहे, तर मग ऐका.”

आणि तिने पुढचं सगळं भाषण म्हटलं. एक अक्षर न चुकता. मी ते तालमीत पुष्कळदा ऐकलं होतं, पण असं कधी ऐकलं नव्हतं. आप्पा पुस्तक मांडीवर उघडं ठेवून तिच्याकडे पाहत होते. मी पानं उलटत राहिले, पण त्यानंतर त्यांनी खाली पाहिलंच नाही.

पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात. सदा धावत आला आणि सगळ्यांना मिठ्या मारत सुटला. “फूल! आप्पा, फूल! मला आधी का नाही सांगितलं?” पुढे परीक्षकांनीही त्या फुलाचा खास उल्लेख केला, तेव्हा दिग्दर्शकाची कल्पकता म्हणून सदाने मान लववून ती दाद घेतली. बंडूला मात्र ती आपलीच वाटली, आणि खरं पाहता ते बरोबरच होतं.

मी रंगपटात गेले. आप्पा आरशासमोर बसून खोबरेल तेलाने रंग उतरवत होते. दाराशी काकू थर्मास घेऊन उभ्या होत्या.

“झालं बाई एकदाचं,” काकू मला म्हणाल्या. “यंदा विसरले न्हाईत. नवस बोलले होते मी.” आणि कालिंदीला चहा द्यायला त्या पलीकडच्या खोलीत गेल्या.

मी दार लोटून घेतलं. “आप्पा, खरं सांगा. तुम्ही तिचं वाक्य का बोललात? डॉक्टरांना दाखवायचं का?”

“कशाला?”

“तुमचं वाक्य तुम्हाला आठवलं नाही म्हणून.”

“माझं वाक्य कुठं होतं तिथं?” त्यांनी कापसाचा बोळा खाली ठेवला. “तिथं तिचं वाक्य होतं. तिला येत नव्हतं.”

“कालिंदीला?” मी विचारलं.

“गेल्या वर्षी पण तसंच,” ते हळू आवाजात म्हणाले. “तालमीत फाडफाड बोलती, खरं स्टेजवर पुढं आली की पहिल्या रांगेत तिची सासू दिसती. पिशवी घेऊन बसल्याली. झालं, सगळं पुसलं जातंय तिच्या डोक्यातनं. गेल्या वर्षी मला काय सुचलं न्हाई, मी दोन पानं उडी मारली. लोकांना वाटलं मी विसरलो. मग म्हणलं, बरं झालं, तसंच वाटू दे.”

“म्हणजे तुम्हाला…”

“मला पहिल्या नाटकापासनं सगळी पाठ हायत. म्हण म्हणालीस तर आता म्हणतो.”

मग मला ती बारीक आणि मोठी अक्षरं आठवली. ते माझ्या घरी आले होते, स्वतःसाठी काहीच मागितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आधी भीती उतरली त्याचं आणि मग बाकीचं.

“कालिंदीला माहीत होतं, पुस्तकात काय आहे ते?”

“तिला एवढंच सांगितल्यालं, अडलीस तर माझ्याकडं बघ.”

“पण आप्पा, सदाला सांगू या ना. मंडळात सगळे तुम्हाला विसरभोळा समजतात. गेल्या वर्षी परीक्षक सगळ्यांसमोर बोलले. तुमची भूमिका जाणार होती.”

“जाणार होती, गेली न्हाई.” त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. रंग उतरल्यावर ते एकदम घरातले दिसू लागले. “हे बघ वृंदा. म्हातारा विसरला की लोक म्हणत्यात, वय झालं. सून विसरली की म्हणत्यात, घरात बसवा. मला विसरणं परवडतंय.”

पलीकडच्या खोलीतून काकूंचा आवाज आला. त्या कालिंदीला म्हणत होत्या, “ते घर पुरत न्हाई म्हणतेस ते चांगलं म्हणलीस गं. मला रडू आलं.” मग कपबशीचा आवाज. आप्पा माझ्याकडे बघून डोळे मिचकावून हसले, आणि आम्ही दोघंही बराच वेळ हसत बसलो.

कालिंदीला त्या वर्षी अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. काकूंनी ते बैठकीच्या खोलीत, घड्याळाखाली लावलं. पुढच्या दोन वर्षांत तिला पुस्तकाची गरज उरली नाही आणि आता तर मंडळाची नाटकं तीच बसवते. आप्पा आता पायांमुळे स्टेजवर जात नाहीत. ते पहिल्या रांगेत बसतात, काकूंच्या शेजारी, आणि अवघड जागा आली की काकूंना काहीतरी विचारून त्यांची मान आपल्याकडे वळवतात.

मोरपीसही चालू आहे. मध्यंतरी कुणा नव्या उत्साही मुलीने लिहिलं की सेटिंगमध्ये ‘समोरच्याची वाक्ये मोठी’ अशी एक सोय आहे, ती जवळजवळ कुणी वापरत नाही, काढून टाकू या. मी उत्तर लिहायच्या आधीच थॉमस सरांनी लिहिलं होतं: राहू द्या. एका नटाला लागते. आणि खाली मला विचारलं होतं, बरे आहेत ना ते? फार विसरतात का अजून?

त्यांना ती गोष्ट मी कधी सांगितलीच नव्हती. आप्पांना फोन लावला, आता सांगू का म्हणून विचारलं. “केरळात सांग,” ते म्हणाले, “इचलकरंजीत नको.”

मग मी थॉमस सरांना लिहिलं: ते बरे आहेत. आणि त्यांना सगळं पाठ होतं.